नवा स्टिरिओ, जुनी बटणं: स्टिअरिंग कंट्रोल जोडण्याचा बिनचूक क्रम

नवा अँड्रॉइड स्टिरिओ बसवला, स्क्रीन झकास चालते, पण स्टिअरिंगवरचं बटण दाबलं की काहीच होत नाही. किंवा आवाज वाढवायला जावं तर गाणंच पुढं सरकतं. अशा वेळी बहुतेक जण लगेच सेटिंगमध्ये शिरतात आणि तासभर बटणं ‘शिकवत’ बसतात. ॲक्सेसरीवालाही सांगतो, ‘साहेब, सेटिंगमधून होतं ते.’ पण दोष सेटिंगमध्ये क्वचितच असतो. एकतर वायर न मोजता अंदाजानं जोडलेली असते, नाहीतर गाडी कॅनबसवर (गाडीतले मॉड्यूल ज्या दोन वायरींवरून एकमेकांना डिजिटल संदेश पाठवतात त्या यंत्रणेवर) चालणारी असते आणि ते संदेश स्टिरिओला समजावणारा डिकोडर घेतलेलाच नसतो. म्हणून या लेखात सेटिंगचा टप्पा पाचवा आहे. त्याआधीचे चार टप्पे नीट झाले तर पाचव्याला दहा मिनिटंही लागत नाहीत.

हे सगळं ज्या गाडीत कंपनीनं स्टिअरिंगवर बटणं दिलेली आहेत तिच्यासाठी आहे. बेस मॉडेलला बटणं बाहेरून बसवायची असतील तर त्याबद्दल शेवटी वेगळं लिहिलं आहे.

हाताशी काय हवं

डिजिटल मल्टिमीटर (साधाही चालेल), १० नंबरचा पाना, डॅशबोर्डची ट्रिम (प्लास्टिकची आवरणं) काढायची पट्टी, हीट श्रिंक नळ्या (गरम केल्यावर वायरीवर घट्ट बसणाऱ्या), सोल्डरिंग गन किंवा चांगले क्रिंप (वायरीवर दाबून बसवायचे जोड), आणि वही-पेन. वही विसरू नका, दुसऱ्या टप्प्यात तिच्यावरच काम आहे. गाडीच्या मॉडेलप्रमाणे मिळणारं कपलर (वायरी जोडायचं प्लग-सॉकेट) स्टिरिओ घेतानाच मागून घ्या. कंपनीचं हार्नेस (वायरींचा जुडगा) कापायची वेळ आली तर खरेदीत काहीतरी चुकलं असं समजा. कापलेल्या हार्नेसवरून सर्व्हिस सेंटरमध्ये वॉरंटीचा वाद निघतो, तो वेगळाच.

⚠ इलेक्ट्रिशियन वापरतात तो बल्बचा टेस्ट लॅम्प या कामात अजिबात वापरू नका. बल्ब जास्त करंट ओढतो, आणि स्टिअरिंग कंट्रोल, कॅन किंवा एअरबॅगच्या वायरीवर तो लावला तर मॉड्यूल जाऊ शकतं. एअरबॅगच्या पिवळ्या कपलरला तर मल्टिमीटरसुद्धा लावायचा नाही.

## टप्पा १: बटणं कोणत्या पद्धतीची आहेत ते ठरवा, शक्यतो स्टिरिओ घेण्याआधी

भारतातल्या गाड्यांत मुख्यतः दोन प्रकार सापडतात.

पहिला रेझिस्टन्सचा. प्रत्येक बटणामागे वेगळ्या ओहमचा रेझिस्टर असतो (रेझिस्टर म्हणजे करंटला अडवणारा छोटा भाग, ओहम हे त्या अडवण्याचं माप). बटण दाबलं की सिग्नलची वायर त्या रेझिस्टरमधून ग्राउंडला, म्हणजे निगेटिव्ह बाजूला, जोडली जाते. स्टिरिओ या वायरीवर स्वतः थोडं व्होल्टेज देतो आणि ते किती खाली आलं यावरून कोणतं बटण दाबलं ते ओळखतो. अँड्रॉइड स्टिरिओच्या मागे ‘की१’, ‘की२’ असे फ्लॅग लावलेल्या वायरी असतात त्या याच कामासाठी. टोयोटा, ह्युंदाई, होंडा आणि मारुतीच्या बऱ्याच मॉडेल्समध्ये हाच प्रकार आहे.

दुसरा कॅनबसचा. इथे बटण दाबल्यावर डिजिटल संदेश तयार होतो. बऱ्याच गाड्यांत बटणांचा संदेश आधी स्टिअरिंग कॉलमजवळच्या मॉड्यूलला जातो आणि मॉड्यूल तो कॅनच्या दोन वायरींवर टाकतं. फोक्सवॅगन आणि स्कोडा यात ठळक. इथे ‘की१’, ‘की२’चा काही उपयोग नाही, स्टिरिओ आणि गाडीच्या मध्ये कॅन डिकोडर बॉक्स लागतोच.

फक्त ब्रँडवरून निष्कर्ष काढू नका. एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या वर्षांत आणि व्हेरिएंटमध्ये वायरिंग बदललेलं असतं. मित्राच्या त्याच गाडीत ‘की१’वर काम झालं म्हणून तुमच्यातही होईल याची खात्री नाही. गाडीच्या वायरिंग डायग्राममध्ये ऑडिओच्या कपलरच्या पिना बघा. टोयोटात बटणांच्या पिनांना एसडब्ल्यू१, एसडब्ल्यू२ (सिग्नल) आणि एसडब्ल्यूजी (त्यांचं ग्राउंड) असं म्हणतात. ह्युंदाईत रिमोट कंट्रोलची सिग्नल वायर आणि तिचं स्वतःचं ग्राउंड अशी जोडी असते. या स्वतंत्र ग्राउंडचा विषय तिसऱ्या टप्प्यात पुन्हा येणार आहे.

✔ तपासणी: स्टिरिओ विकणाऱ्याला नेमकं विचारा, ‘माझ्या गाडीच्या या वर्षाच्या या व्हेरिएंटला कॅन बॉक्स लागतो का, आणि लागत असेल तर कोणत्या कंपनीचा देताय?’ नुसतं ‘सगळ्या गाड्यांना चालतो’ असं उत्तर आलं तर दुसरं दुकान बघा.

## टप्पा २: मोजणी, वही उघडून

वगळला जाणारा टप्पा नेमका हाच, आणि पुढची निम्मी डोकेदुखी इथेच टळते.

चावी बंद करा, बॅटरीची निगेटिव्ह टर्मिनल १० नंबरच्या पान्यानं सोडवा आणि बाजूला करून ठेवा. जुना स्टिरिओ काढा आणि कपलर मोकळं करा. ओहम मोजताना बॅटरी जोडलेली किंवा जुना स्टिरिओ कपलरवर असेल तर आकडे चुकीचे येतात. मीटरवर काहीतरी दिसतं म्हणून ते खरं मानलं जातं आणि तिथून पुढे सगळंच भरकटतं.

१. मीटर २० किलोओहमच्या रेंजवर ठेवा.
२. मीटरची काळी पिन सिग्नलच्या ग्राउंड वायरीवर लावा. डायग्राममध्ये स्वतंत्र ग्राउंड दाखवलेलं नसेल तरच बॉडीवर लावा.
३. लाल पिन सिग्नलच्या वायरीवर.
४. एक बटण दाबून तीन-चार सेकंद धरून ठेवा. ऑटोरेंज मीटरला आकडा स्थिर व्हायला वेळ लागतो.
५. आकडा वहीत लिहा. मग पुढचं बटण. शेवटी एकही बटण न दाबता येणारा आकडाही लिहा.

नमुना म्हणून टोयोटाच्या बऱ्याच गाड्यांत एसडब्ल्यू१ आणि एसडब्ल्यूजी यांच्यात साधारण असे आकडे येतात: काहीच दाबलं नसताना सुमारे १०० किलोओहम, पुढचं गाणं जवळपास ० ओहम, मागचं गाणं सुमारे ३३०, आवाज वाढवा सुमारे १०००, आवाज कमी सुमारे ३१०० ओहम. १०० किलोओहम २० किलोओहमच्या रेंजमध्ये मावत नाही, तेव्हा मीटर ‘१’ किंवा ‘ओएल’ (म्हणजे रेंजबाहेर) दाखवेल, घाबरू नका. तसंच ३३० ओहम नीट वाचायला रेंज एक पायरी खाली आणा.

यातला ० ओहम लक्षात ठेवण्यासारखा आहे. काही गाड्यांत एक बटण म्हणजे सरळ ग्राउंडला शॉर्ट. त्यामुळे जोडणीत सिग्नलची वायर कुठे ट्रिमखाली दबून बॉडीला टेकली तर स्टिरिओला वाटतं कुणीतरी ‘पुढचं गाणं’ दाबूनच ठेवलंय. ‘गाणी आपोआप पुढं पळतात’ ही तक्रार आली की आधी ही वायर बघावी, स्टिरिओ परत करायला पळू नये.

एकाच बटणाचा आकडा दर वेळी वेगळा आला, किंवा स्टिअरिंग फिरवताना उड्या मारू लागला, तर बटणाचा कॉन्टॅक्ट खराब आहे किंवा स्टिअरिंगमागची क्लॉक स्प्रिंग (फिरत्या स्टिअरिंगमधल्या वायरी गाडीच्या वायरिंगशी जोडणारी गुंडाळी) झिजलीये. सोबत हॉर्नही कधी वाजतो कधी नाही, किंवा एअरबॅगचा दिवा लागलेला असेल, तर संशय क्लॉक स्प्रिंगवरच घ्या. ती दुरुस्त होईपर्यंत स्टिरिओच्या सेटिंगमध्ये कितीही डोकं घातलं तरी उपयोग नाही.

कोणतीही वायर धरली आणि कोणतंही बटण दाबलं तरी आकडा हलतच नसेल, तर कपलरची पिन चुकली असेल किंवा गाडी कॅनची असेल. हाय-स्पीड कॅनची खूण अशी की बॅटरी सुटलेली असताना दोन कॅन वायरींच्या मध्ये साधारण ६० ओहम दिसतात, कारण बसच्या दोन टोकांना १२० ओहमचे दोन रेझिस्टर समांतर असतात. बॅटरी परत जोडून चावी ऑन केली की दोन्ही वायरींवर बॉडीच्या तुलनेत सुमारे २.५ व्होल्ट येतात, एकीवर जरा जास्त आणि दुसरीवर जरा कमी.

⚠ कॅनच्या वायरी ‘की१’ किंवा ‘की२’ला कधीही जोडू नका. स्टिरिओ त्या वायरीवर व्होल्टेज देतो, त्यानं बसवरचे संदेश बिघडतात आणि डॅशबोर्डवर भलतेच दिवे लागायला लागतात.

## टप्पा ३: जोडणी

बॅटरी अजून सुटलेलीच आहे ना, ते आधी बघा.

रेझिस्टन्सच्या गाडीत. गाडीला एकच सिग्नल वायर असेल तर ती ‘की१’ला जोडा, ‘की२’च्या टोकाला हीट श्रिंक चढवून बाजूला बांधा. दोन असतील तर पहिली ‘की१’ला, दुसरी ‘की२’ला. ‘तेवढंच काम’ म्हणून दोन्ही वायरी एकत्र पिळून ‘की१’ला जोडलेल्या सर्रास दिसतात. मग एका वायरीवरचं ‘पुढचं गाणं’ आणि दुसऱ्या वायरीवरचं ‘मोड’ दोन्ही ० ओहमची (टोयोटात असतात तशी), म्हणजे स्टिरिओच्या लेखी ती एकच.

आता ग्राउंड. गाडीत बटणांसाठी स्वतंत्र ग्राउंड वायर असेल तर ती लोंबकळत ठेवू नका, स्टिरिओच्या काळ्या वायरीला जोडा. काही स्टिरिओंना ‘की ग्राउंड’ नावाची वेगळी वायर असते, ती असेल तर तिलाच. हे ग्राउंड राहून गेलं तर बटणं एकतर मुकी राहतात किंवा सगळी एकाच बटणासारखी वागतात.

कपलर लावल्यावरही फॅक्टरी वायरिंगशी टॅली करून बघा. बाजारातल्या कपलरमध्ये स्पीकर आणि पॉवरच्या वायरी बरोबर असतात, पण स्टिअरिंग कंट्रोलची पिन कधी रिकामीच असते. तेव्हा पिन विकत घेऊन कपलरमध्ये घालावी लागते. पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला शोधलं तर सुट्या पिना मिळतात.

पॉवरच्या वायरींचा नेहमीचा संकेत: पिवळी म्हणजे कायमचा करंट, लाल म्हणजे चावीवरचा, काळी म्हणजे ग्राउंड. पिवळी आणि लाल एकत्र जोडून मोकळं होऊ नका. स्टिरिओ कधीच पूर्ण बंद होत नाही आणि दोन-तीन दिवस गाडी उभी राहिली की सेल्फ लागत नाही.

कॅनच्या गाडीत. बॉक्सचं एक टोक गाडीच्या कपलरला, दुसरं स्टिरिओच्या कॅनच्या सॉकेटला. फोक्सवॅगनसारख्या गाड्यांत स्टिरिओच्या कपलरला चावीवरचा करंटच नसतो, चावी ऑन झाल्याचा संदेश कॅनवरून येतो. तो वाचून बॉक्सच लाल वायरीवर १२ व्होल्ट देतो. इथे फ्यूज बॉक्समधून वेगळी लाल वायर ओढायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.

पायोनियर, सोनी, केनवुड, जेव्हीसी. यांच्या बऱ्याच मॉडेल्समध्ये ‘की१’, ‘की२’ हा प्रकारच नसतो. पायोनियर आणि सोनीत वायर्ड रिमोटसाठी ३.५ मिमीचं गोल सॉकेट, केनवुड-जेव्हीसीत फिकट निळ्या-पिवळ्या रंगाची एक वायर. यांना मध्ये स्टिअरिंग इंटरफेस (गाडीच्या बटणांचा सिग्नल स्टिरिओला समजेल असा करून देणारा बॉक्स) लागतो. गाडीची सिग्नल वायर सरळ त्या सॉकेटच्या पिनेला सोल्डर करायचा उद्योग करू नका, गाडीच्या बटणांचे ओहम आणि स्टिरिओला अपेक्षित ओहम जुळत नाहीत. इंटरफेस घेताना त्यावर तुमच्या स्टिरिओचा ब्रँड आणि गाडी दोन्ही लिहिलेले आहेत का ते बघा.

## टप्पा ४: ट्रिम लावण्याआधीची चाचणी

स्टिरिओ डॅशबोर्डमध्ये बसवू नका. कपलर लावलेला, स्क्रीन सीटवर जाड कपड्यावर ठेवलेली, अशा अवस्थेत बॅटरी जोडा आणि चावी ऑन करा.

✔ एअरबॅगचा दिवा चावी ऑन केल्यावर लागतो आणि काही सेकंदांत विझतो का?
✔ हॉर्न वाजतो का?
✔ चावी बंद केल्यावर स्टिरिओ बंद होतो का?

तिन्ही ‘हो’ असतील तरच पुढे.

## टप्पा ५: बटणं शिकवणं

रेझिस्टन्सच्या गाडीत सेटिंगमध्ये स्टिअरिंग व्हीलचं चिन्ह असलेलं ॲप उघडा. आधी ‘रीसेट’ किंवा ‘क्लिअर’ दाबून जुनं सगळं पुसा. नव्या कोऱ्या स्टिरिओतही आधीच्या चाचणीतले आकडे राहिलेले असू शकतात.

पुढचा क्रम ॲपप्रमाणे दोन प्रकारचा असतो आणि गोंधळ होतो तो इथेच. एका प्रकारात गाडीवरचं बटण दाबून धरायचं आणि ते धरलेलं असतानाच स्क्रीनवरच्या कामावर टॅप करायचं. दुसऱ्यात आधी स्क्रीनवर टॅप करायचं, मग गाडीवरचं बटण दाबायचं. तुमचं ॲप कोणतं ते पहिल्याच बटणावर कळतं. एका क्रमानं प्रतिसाद नाही आला तर दुसरा करून बघा. काही ॲप बटण दाबल्यावर आकडाही दाखवतात. तो वहीतल्या ओहमशी तंतोतंत जुळणार नाही, पण लहान-मोठ्याचा क्रम जुळायला हवा. वहीत सगळ्यांत कमी ओहमचं बटण स्क्रीनवरही एका टोकाला यायला हवं.

एकेक करून सगळी बटणं शिकवा आणि शेवटी ‘सेव्ह’ किंवा ‘ओके’ दाबा. सेव्ह न करता मागे आलात तर सगळं गेलं.

स्टिरिओ बंद करण्याचं काम एका झटक्यात दाबल्या जाणाऱ्या बटणावर ठेवू नका. वळणावर अंगठा लागतो आणि नेव्हिगेशनची स्क्रीन काळी होते. ॲपमध्ये दीर्घ दाबाची सोय असेल तर ते काम तिथे टाका.

अडलात तर:

- ‘हे बटण आधीच शिकवलेलं आहे’ असं येतंय. दोन बटणांचे आकडे स्टिरिओला सारखे वाटताहेत. दोन सिग्नल वायरी एकत्र जोडलेल्या नाहीत ना आणि ग्राउंड पक्कं आहे ना ते बघा. दोन्ही ठीक असेल आणि वहीत ती दोन बटणं वेगळी असतील, तर काही स्टिरिओंच्या फॅक्टरी सेटिंगमध्ये स्टिअरिंगच्या रेझिस्टन्सची रेंज बदलता येते. दुकानदाराकडून पासवर्ड घेऊन ती बदला, पुसा, पुन्हा शिकवा. फॅक्टरी सेटिंगमधलं बाकी काही हलवू नका.
- आवाजाची बटणं चालतात, फोनची नाहीत. फोनची बटणं दुसऱ्या सिग्नल वायरीवर असतील आणि ती जोडायची राहिली असेल. किंवा ती कंपनीच्या वेगळ्या ब्लूटूथ मॉड्यूलला गेलेली असतील. ते मॉड्यूल जोडलेलं ठेवून त्याच वायरीला फाटा फोडला तर दोघंही तिच्यावर व्होल्टेज देतात आणि आकडे चुकतात.

कॅनच्या गाडीत शिकवायचं काही नसतं. सेटिंगमध्ये कॅन प्रोटोकॉल निवडायचा असतो: आधी बॉक्सची कंपनी (रेझ, हायवर्ल्ड, सिंपल वगैरे, बॉक्सच्या स्टिकरवर लिहिलेली असते), मग गाडीची कंपनी, मग मॉडेल. लोक गाडी बरोबर निवडतात आणि बॉक्सची कंपनी आहे तीच राहू देतात, मग काहीच हलत नाही. निवडल्यावर स्टिरिओ पूर्ण रीस्टार्ट होऊ द्या. चालू झाल्यावर सुरुवातीचे काही सेकंद बटणं गप्प राहिली तर तो दोष नाही, बॉक्स आणि अँड्रॉइड दोघांनाही जागं व्हायला वेळ लागतो.

## टप्पा ६: खरी परीक्षा, दिवे लावून

सगळं चालतंय म्हणून लगेच ट्रिम ठोकू नका. इंजिन सुरू करा, हेडलाइट लावा, एसीचा ब्लोअर पूर्ण वेगात ठेवा आणि प्रत्येक बटण पुन्हा दाबून बघा. दिवसा नीट चालणारी बटणं रात्री आवाज वाढवायच्या ऐवजी मोड बदलतात, ही तक्रार खोटी नसते. बटणांमागच्या दिव्यांचा करंट त्याच ग्राउंडमधून जात असेल आणि जोड सैल असेल, तर ग्राउंडवर थोडं व्होल्टेज चढतं आणि स्टिरिओ शेजारचं बटण समजतो. इलाज ग्राउंडचा जोड पक्का करणं हाच. दिवे लावून पुन्हा शिकवलं तर रात्री जमेल आणि दिवसा बिघडेल.

मग स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवत आवाजाचं बटण दाबत राहा. मध्येच तुटलं तर क्लॉक स्प्रिंग.

आता स्टिरिओ बसवा. मागच्या वायरी धातूच्या ब्रॅकेटच्या कडेवर घासणार नाहीत अशा बांधा आणि स्क्रू शेवटी आवळा.

## बेस मॉडेलला बटणं बसवायची असतील तर

वरच्या व्हेरिएंटची बटणं विकत आणून बेस मॉडेलला लावणं जमतं, पण घरी करू नका. भारतात जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांना ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची आहे, म्हणजे बटणांपर्यंत पोचायला ती काढावी लागते. त्यासाठी बॅटरी सोडून काही मिनिटं थांबणं, एअरबॅग तोंड वर करून ठेवणं, क्लॉक स्प्रिंग मध्यावर लॉक करणं हे सगळं ज्याला रोजच्या कामातून माहीत आहे, त्यानंच करावं. शिवाय बेस मॉडेलच्या क्लॉक स्प्रिंगमध्ये ऑडिओच्या वायरीच नसू शकतात आणि कॉलमपासून स्टिरिओपर्यंत हार्नेसही नसतं. फक्त बटणांचा सेट घेऊन आलात तर मेकॅनिक तुम्हाला पुन्हा दुकानात पाठवेल. आधी त्याला विचारा की तुमच्या गाडीला क्लॉक स्प्रिंगही बदलावी लागेल का, मग खर्चाचा हिशेब करा.

## बसवल्यानंतरच्या दोन गोष्टी

बॅटरी ड्रेन. गाडी लॉक करून अर्धा तास थांबा, मग मीटरची लाल पिन १० अँपिअरच्या सॉकेटमध्ये लावा, बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडवा आणि ती केबल व टर्मिनल यांच्या मध्ये (सिरीजमध्ये) मीटर जोडा. मीटर जोडताना कंट्रोल मॉड्यूल पुन्हा जागी होतात, त्यामुळे आकडा खाली येईपर्यंत थांबा. तो साधारण ५० मिलिअँपिअरच्या आत स्थिरावला तर ठीक. त्याहून बराच जास्त असेल तर स्टिरिओचा फ्यूज काढून पुन्हा बघा. आकडा लगेच पडला तर स्टिरिओ किंवा कॅन बॉक्स झोपत नाहीये. मीटर जोडलेला असताना चावी फिरवू नका, मीटरचा फ्यूज उडेल.

आणि वहीतल्या पानाचा फोटो काढून ठेवा. स्टिरिओ फॅक्टरी रीसेट केला, किंवा अपडेटनंतर शिकवलेलं सगळं पुसलं गेलं, तर डॅशबोर्ड पुन्हा न उघडता टप्पा ५ थेट करता येतो. कॅनची गाडी असेल तर बॉक्सच्या स्टिकरचाही फोटो घ्या, ट्रिम लावल्यावर तो दिसत नाही.